पाठीमागचं पांढरं

चाळीस वर्षं मी इकिके शहरात
लोकांच्या पाठीमागे पांढरा कपडा लावत आलो.
हनुवटी किंचित खाली. कान दिसू देत.
हसू नका, सेन्योरा, सरकारला हसू चालत नाही.
खटक्.
चार प्रती, कात्रीनं कापून, पाकिटात.

आता दुकान बंद.
मोबाईलनं संपवलं, असं मी सांगतो,
खरं तर गुडघ्यांनी.
दर गुरुवारी बस धरून वर येतो, आल्तो ओस्पिसिओला,
जिथे पठार बोलता बोलता संपतं
आणि पाचशे मीटर खाली
शहर पडलेलं असतं समुद्र आणि वाळवंटाच्या फटीत,
गादी आणि भिंतीच्या मध्ये सरकलेल्या नाण्यासारखं.

इथे पाऊस नाही.
माझ्या मुलीनं उघडलेली छत्री पाहिली ती सतराव्या वर्षी,
दूर दक्षिणेत, कॉलेजच्या दारात,
आणि फोनवर म्हणाली, बाबा, इथलं छप्पर गळतं, आकाशाचं.
आमच्याकडे येते ती कमांचाका.
ती गळत नाही, ती येते,
विरजण मागायला आलेल्या शेजारणीसारखी,
आधी नुसती दारातून डोकावून.

पावणेसहा. तिपाई रोवतो, पायाशी दगड.
क्षितिजाची रेघ कुणी ओल्या बोटानं पुसलेली.
मग बंदरातल्या क्रेन जातात, एकेक,
मान खाली न घालता.
मग कावांचाचे उंच इमले: तळमजला, चौथा, अकरावा,
गच्चीवरचे लाल दिवे तेवढे शेवटपर्यंत जागे.
घड्याळाचा मनोरा. शाळेचं मैदान,
जिथे पोरं अजून खेळत असणार
आणि चेंडू कुणी हरवला म्हणून भांडत असणार.
शेवटी शहरामागची ती वाळूची टेकडी, जिला आम्ही ड्रॅगन म्हणतो,
पाठ तेवढी वर ठेवून निजते.

मी अजून बटण दाबलेलं नाही.
जुनी खोड. समोरचा स्थिर व्हावा लागतो.
“हलू नका,” मी म्हणालोसुद्धा, मोठ्यानं,
आणि मागून कुणीतरी हसलं.

नेलिदा चायापा.
कड्यावर दोन खांब ठोकून तिनं जाळं ताणलंय,
धुकं त्यात अडकतं, पन्हळीतून
निळ्या पिंपात थेंब थेंब.
“तू हिचे फोटो काढतोस,” ती म्हणते,
“मी हिचं पाणी काढते.
तुझ्या फोटोवर टोमॅटो धरतात का?”
धरत नाहीत.

एर्मिंदाचा माझ्याकडे एकच फोटो आहे.
ओळखपत्राचा. लग्नानंतर आडनावाची काही भानगड होती
म्हणून तिला त्या स्टुलावर बसवलं,
आणि तिनं विचारलं, थोडंसं हसू का, थोडंसंच?
मागे रांग होती. मी म्हणालो, नियम आहे.
तोच मोठा करून घेतला, नंतर, चर्चसाठी.
मोठा केल्यावर कळलं की ओठाचा डावा कोपरा
नियम मोडायच्या बेतात होता.

आता धुकं कड्यावर चढलंय.
पिंप गेलं. खांब गेले.
नेलिदा जाळ्याची वीण सांधत उभी
आणि तिच्या मागे काहीच नाही, ना शहर ना समुद्र,
कुणीतरी माझाच कपडा आणून टांगल्यासारखं.
सवयीनं तोंडातून निघून गेलं, हनुवटी जरा खाली.
तिनं दोन्ही हात कमरेवर ठेवले
आणि पडलेल्या दाताच्या खिंडीसकट हसली.
खटक्.
भिंगावर थेंब होते. काय आलं असेल, माहीत नाही.

शेवटची बस आठची.
टोमॅटोची पिशवी मांडीवर.
पहिल्याच वळणाला धुक्यात बुडी,
ड्रायव्हर काच खाली करून रस्ता ऐकतोय.
कुणी बोलत नाही. प्रत्येक खिडकीत पांढरा कपडा,
आणि आम्ही सगळे ताठ बसलेलो,
हनुवटी किंचित खाली,
कान दिसतायत.