मानस

चौथीच्या वर्गाला मी वाक्प्रचार दिले होते:
सूर जुळणे, खूण पटणे, गूळपीठ असणे, मेतकूट जमणे.
प्रत्येकी एक वाक्य.
मेतकूट म्हणजे काय बाई, अर्ध्या वर्गानं विचारलं.
डबा आणून दाखवायला हवा होता.
चोडणच्या दुकानात मिळत नाही.

श्रेजलनं दिलेले सगळे सोडून स्वतःचाच एक लिहिला:
‘सगुणमामा आणि कायतानमामा यांची मानस जुळते.’
मी लाल शाईनं गोल केला. मन जुळते, असं हवं.
ती म्हणाली, मन न्हय बाई. मानस. बांधावरची.

संध्याकाळी गेले बघायला.
खाजनाच्या टोकाला, नदी जिथे शेताला टेकते,
जांभ्या दगडाच्या कमानीत लाकडी दार.
भरतीला ते आपसूक मिटतं, सुकतीला उघडतं.
वरच्या फळ्या मात्र माणसांनी उचलायच्या,
दोघांनी, दोन टोकांना धरून.
एकानं घाई केली की फळी खाचेत तिरकी बसते
आणि मग देवालाही निघत नाही.

सगुण डावीकडे. कायतान उजवीकडे, विडी कानावर.
कुणी साधं ‘हं’ म्हटलं नाही.
फळी सरळ वर आली,
ताटातून पापड उचलावा तशी.

मी दाद दिली, तुमचं छानच जमतं हो!
सगुण नदीत थुंकला.
‘ताच्याकडेन? आमी उलयनात.
इकरा वर्सां जालीं.’

सात माडांवरून भांडण. हद्दीचा दगड
एका रात्रीत दीड हात चालत गेला म्हणे,
कुठल्या दिशेला ते सांगणाऱ्यावर अवलंबून.
पणजीच्या कोर्टात तारखा.
रायबंदरच्या फेरीत एक पुढच्या कठड्याला,
एक मागच्या.

एकदा तारीख नेमकी अमावास्येला पडली.
फेरी निम्म्या पात्रात असताना
सगुणनं पाणी पाहिलं, कायताननं पाणी पाहिलं.
आधी कुणी, ते फेरीवाल्याला आठवत नाही.
पलीकडे दोघांतलं कुणीच उतरलं नाही.
कोर्टात पुकारा झाला:
वादी गैरहजर. प्रतिवादी गैरहजर.
आणि इकडे बांधाला खांड पडलेली,
खारं पाणी छातीपर्यंत,
एक चिखल देतोय, दुसरा घेतोय,
गवत, चिखल, गवत,
काळोख पडेपर्यंत.
कायतानची एक चप्पल वाहत निघाली
ती सगुणनं पायानं अडवली.
हातात नाही दिली.
बांधावर ठेवली, उलटी.

आता याला कुठला वाक्प्रचार लावू?
गूळपीठ नाही. सूर तर नाहीच.
विळ्या-भोपळ्याचं म्हणावं,
तर भोपळा कधी फळी उचलत नाही.

रात्री तुझा फोन आला, जहाजावरून,
सिंगापूर मागे पडताना.
तासभर बोललो. आपलं कशावरून अडत नाही:
फ्रीज कोणता घ्यायचा, तुझ्या आईची गोळी,
गणपतीला रजा मिळेल की नाही.
तू वाक्य सुरू करतोस, मी पुरं करते.
तुझी बहीण म्हणते, काय मेतकूट आहे दोघांचं!
फोन ठेवला
आणि मला सांगता येईना
तुझ्यात पाणी कधी चढतं.
तूही माझी तिथी
कधी विचारलेली आठवत नाही.

वह्या अजून टेबलावर होत्या.
लाल शाई खोडरबरानं जात नाही, कागद फाटतो.
गोल तसाच ठेवून
मी श्रेजलला दहापैकी दहा दिले.

सव्वाअकरा झाले असतील.
लांब, बांधाच्या बाजूला,
फळी खाचेत बसल्याचा आवाज आला.
एकच.