परिच्छेद तेवीस

वकीलबाई,
तुम्ही पहिल्यांदा आलात तेव्हा जून होता.
आमच्याकडे जूनमध्ये गवतावर दव गोठतं,
शाळेच्या हॉलमधल्या लोखंडी खुर्च्या चावतात.
म्थाथाहून चार तास, त्यातला शेवटचा बिनरस्त्याचा.
आम्हाला वाटलं, आता भाषण होणार.
तुम्ही बुटांची माती झटकलीत, मागच्या बाकावर बसलात
आणि विचारलंत :
नळ किती आहेत?

कुणी म्हणालं, नळ कुठले हो, नुसती पानं पुसली तोंडाला.
कुणी सरकारच्या सात पिढ्यांचा उद्धार केला.
नोमाख्वेझी बोलता बोलता रडायला लागली,
हगवणीच्या साथीत तिचा धाकटा गेला होता.
तुम्ही तिचं सगळं ऐकून घेतलंत, पेन खाली ठेवून.
मग पुन्हा तेच :
पण नळ किती?

तेव्हा मला तुमचा फार राग आला होता.
आज सांगते.

दोन आठवडे आम्ही मोजत फिरलो.
पोरांच्या वह्यांची उरलेली पानं, दोघींत एक पेन,
टेकडीमागून टेकडी.
नगरपालिकेच्या कागदावर एक्केचाळीस.
जमिनीवर अकरा.
त्या अकरांतले चार नुसते खांब,
एकाला कुणीतरी गाढव बांधलेलं.
चालू दोन.
दोनातला एक, पाणी यायच्या आधी अर्धा तास
नुसता वारा सोडतो.
तो धरायचा की नाही, यावरून फुमझाचं नि माझं वाजलं.
तुम्ही फोनवर म्हणालात,
भांडू नका. लिहा, ‘वारा येतो.’

मग आमचं बोलणं शपथपत्रात घ्यायला बसलात.
शिव्या खोडल्यात.
‘नेहमी’ खोडलंत, ‘कुणीच नाही’ खोडलंत,
‘पाणी घाण’ यावरही काट.
घाण म्हणजे कसं?
मी म्हटलं, चहासारखं. दूध घालायच्या आधीचं.
तेवढं ठेवलंत.
त्याला आकडा दिलात. तेवीस.

आणि चोविसाव्याआधी
एक झेरॉक्स माझ्यापुढे सरकवलीत,
काम पूर्ण झाल्याचा दाखला, खाली गावातर्फे सही.
ओळखता का?
हॉलमध्ये केवढी शांतता. बाहेर शेळ्या.
तुम्ही म्हणालात, गप्प राहायचं तर राहा,
खोटं मात्र मी लिहून घेणार नाही.

म्बुलेलोची सही होती. माझ्या सख्ख्या भावाची.
‘म’ची वळण लहानपणी मीच गिरवून घेतलेली.

शहाण्यानं कोर्टाची पायरी चढू नये म्हणतात.
आम्ही कुठे शहाण्या होतो, आम्ही तहानलेल्या.
तीस जणी चढलो, धाप लागली, पायऱ्या फार.
सरकारी वकिलानं फायली गाडीवरून ढकलत आणल्या,
तुमच्याकडे एक पिशवी,
तिचा बंद खिळ्यानं टोचून शिवलेला.
सगळं इंग्रजीत.
मला एकच शब्द कळला मधेच : टी.
तेवीस! मी फुमझाला कोपर मारलं.
माझं वाक्य त्या उंच छताखाली
तुमच्या आवाजात चाललं होतं, न अडखळता,
आणि न्यायाधीश लिहायचे थांबले,
किंवा नुसतं पेन बदललं असेल. कोण जाणे.

नव्वद दिवसांचा हुकूम झाला.
आज एकशे बारावा.
तुमचा फोन लागत नाही,
दुसऱ्या कुठल्या हॉलमध्ये मागच्या बाकावर असाल.
असू दे. विचारायची सवय आता आम्हाला लागलीय.
परवा पुन्हा मोजून आलो : सतरा. चालू नऊ.
एका खांबाचा रंग ओला होता, बोटाला लागला.
वही भरली, म्हणून हे मागच्या पुठ्ठ्यावर.

एकच विचारायचंय.
म्बुलेलो नाताळातही घरी फिरकला नाही.
काल पहाटे दार उघडलं तर उंबऱ्यावर
पितळेची एक तोटी,
नवी, कागदात गुंडाळलेली.
चिठ्ठी नाही, काही नाही.

ती मी कुठल्या रकान्यात लिहू?