तिसरा रकाना

गेंदा कुशवाह, वय तेवीस, राहणार हजिरा.
टेंपोतून उतरली तेव्हा थंडीनं ओठ फुटलेले,
पिशवीत डबा, घरात घालायची चप्पल, आधारची झेरॉक्स.
म्हणाली, सिस्टर, आजपासूनच लागते कामाला.
मी म्हटलं, आधी बाही वर कर.

दोन सुया. डाव्या दंडात फ्लूची, उजव्यात काविळीची.
मग ती भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत बसली,
जणू पाच मिनिटांत औषध लागू होईल
आणि मी आतलं दार उघडीन.

चौदा दिवस, म्हटलं. रक्तालाही शिकायला वेळ लागतो.
तोवर धुणं बघ, गच्चीवर चादरी घाल,
काचेच्या दाराच्या अलीकडेच राहा.
आणि पगार?
बरोबर विचारलंस, बाई.
याच एका शब्दावर विश्वस्तांचा चहा
दोन तास गार होत पडला होता.
पुरा मिळेल. थांबणं हेही इथं कामच आहे.

का, ते सांगितलं नाही तिला.
चार वर्षांपूर्वी अशाच जानेवारीत माणसं कमी होती,
मीच म्हटलं होतं नव्या पोरीला, ये, आत ये, सुया काय, होतील.
कुणाकडून काय आलं, काहीच सिद्ध झालं नाही.
फक्त दोन, पाच आणि नऊ नंबरच्या गाद्या
एकाच आठवड्यात उन्हात टाकल्या.

मथूताई ओगले मुरारच्या गल्ल्यांतून
पेटी घेऊन देवी टोचत हिंडल्या आहेत एके काळी.
आता मुलाचं नाव आठवत नाही,
पण काचेपलीकडे गेंदा दिसली की बोट वर करतात:
कितवा?
गेंदा बादली खाली ठेवते, ओल्या बोटांनी दाखवते.
सहा. नऊ. मग एकदा दोन्ही हात, आणि वर एक.

संक्रांतीला तेरावा होता.
हा शब्द आम्ही इथं मोठ्यानं म्हणत नाही.
दात नाहीत म्हणून मथूताईंना गजक कुटून दिली होती,
त्यांनी त्यातली चिमूट काचेला लावली, गेंदाच्या तोंडासमोर,
तीळ तिथंच चिकटून राहिले.
एका दिवसानं काय होतंय, मीही म्हटलं मनात.
त्याच रात्री शांता तापानं घरी,
चार नंबरचे आजोबा दोनदा भरले,
आणि माझी कंबर, ती तर माझ्याहून म्हातारी.
गेंदा उंबऱ्यापर्यंत गरम पाण्याची बादली आणायची,
ठेवायची, मागं सरायची.
मी वाकून उचलायची.
एकमेकींकडे बघितलं नाही आम्ही.

पंधरा तारखेला दार उघडलं.
मथूताईंनी तिला ओळखलंच नाही.
आपण कोण, म्हणाल्या, अगदी अदबीनं.
मग तिची बाही सरकवली, चष्मा सावरला,
अंगठ्यानं दंड चाचपला, वर, खाली, पुन्हा वर.
फोड उठलेला नाही, म्हणाल्या. परत टोचावं लागेल.
हो ताई, गेंदा म्हणाली. एक तारखेला.

रात्री मी रजिस्टर घेऊन बसले.
काविळीचे तीन रकाने. पहिल्यात सही झाली,
दुसऱ्यात एक फेब्रुवारी.
तिसरा सहा महिन्यांनी, आणि वरपासून खालपर्यंत
तोच रकाना सगळ्यात स्वच्छ आहे:
कुणाचं लग्न ठरलं, कुणाला मॉलमध्ये दोन हजार जास्त मिळाले,
एकीला नुसतं रडू यायचं.
मी एक जुलै लिहिलं, पेन्सिलनं, हलक्या हातानं,
पुसता येईल असं.

गेंदा मागून डोकावली, हातात धुतलेला चिमटा.
म्हणाली, पेन संपलंय का, सिस्टर?