तारण

आमच्या पतसंस्थेच्या फळ्यावर खडूनं लिहिलंय:
सोनेतारण, बारा टक्के.
रविवारी शरणपूरच्या चर्चमध्ये, तिसऱ्या बाकावर,
पाळकसाहेब तोच शब्द उच्चारतात
तेव्हा माझ्या बोटांना अजून
कसोटीच्या आम्लाचा वास असतो.

एकच शब्द.
गहाण पडलेल्यालाही तोच, सुटलेल्यालाही तोच.
भाषेनं माझी काहीच सोय ठेवली नाही.

आडनाव पारखे. कॅनडा कॉर्नरच्या मागे, दुसऱ्या मजल्यावर,
एकोणीस वर्षं लोकांच्या बांगड्या पारखतोय.
सोनं किती, आत लाख किती.
काही बायका घरूनच साबण लावून काढून आणतात,
काही इथंच, टेबलाच्या कडेला, मनगट दाबत काढतात.
तेव्हा मी खिडकीबाहेर बघतो.
हे मला कुणी शिकवलं नाही.

इंदुबाई निकम, पेठ रोड. दोन पाटल्या.
दर महिन्याच्या सात तारखेला
पदराच्या गाठीतून अठराशे रुपये.
एका जूनमध्ये, प्रणीतच्या पॉलिटेक्निकची फी भरायची होती,
मी त्या उबदार नोटा मोजल्या
आणि म्हणालो, पावतीपुस्तक संपलंय, पुढच्या वेळी देतो.
तिनं मान हलवली.
कोंबडा वगैरे काही आरवला नाही.
खाली रसवंतीचं घुंगरू तेवढं वाजत होतं.

त्यानंतर अकरा वर्षं मी चांगला माणूस होतो.
हे खोटं नाही.
पाकिटात चुकून आलेला काळा मणीसुद्धा
सायकलवरून सिडकोपर्यंत नेऊन दिला मी.
पण ताटलीत आधीच काहीतरी चिकटलेलं असलं
की पुढची सगळी वजनं नीट दिसतात
आणि एकही बरोबर नसतं.

यंदा राखेच्या बुधवारी सुगंधा म्हणाली,
चाळीस दिवस मटण नको.
म्हटलं, नको. मलाही एक काही सोडायचंय.
काय, ते तिनं विचारलं नाही. भाकरी उलटली.

इंदुबाई ओट्यावर मेथी निवडत होत्या.
पारखे भाऊ? पाटल्या तर कधीच सोडवल्या की.
मी सांगितलं. उभ्यानंच, शेवटपर्यंत.
त्यांनी अंगठा ओला करून नोटा मोजल्या,
पुन्हा मोजल्या.
मग म्हणाल्या, आणि दंड?

त्या महिन्यात हप्ता चुकला म्हणून दंड लावलात.
दोनशे चाळीस.
भांडले नाही मी. वाटलं, आपल्याच डोक्यातनं गेलं असेल,
पैसे दिलेच नसतील.
तेव्हापासून स्वतःवर भरवसा नाही ठेवला
कुठल्याच हिशेबात.

अकरा वर्षं मी गुडघ्यांवर बसून
अठराशे रुपयांची क्षमा मागत होतो.
दोनशे चाळीस माझ्या प्रार्थनेत कधी आलेच नाहीत.
आणि त्याखालचं जे,
ते तर कुठल्या रकान्यात मावणार.

खिशात दोनशे निघाले.
चाळीस उद्या आणा, त्या म्हणाल्या
आणि मेथीकडे वळल्या.
माफ केलं की नाही, काही बोलल्या नाहीत.
जाताना फाटक लावा, शेळी शिरते.

सकाळी मॅनेजरच्या टेबलावर चिठ्ठी ठेवली.
तिचं काय व्हायचं ते होईल.
मग काउंटरवर बसलो, ताटली पुसली,
नेहमीपेक्षा जरा जास्त वेळ.
काटा शून्यावर यायला किती हळू येतो
हे एवढ्या वर्षांत पाहिलं नव्हतं.
पहिली आलेली पोरगी अंगठी काढताना म्हणाली,
लवकर करा ना काका.
म्हटलं, थांब. आधी हा थांबू दे.

संध्याकाळी रामवाडीच्या पुलावरून चालत गेलो.
गोदेला पाणी कमी होतं, धुणं वाळत होतं कठड्यावर.
हातात दहाच्या चार नोटा,
घामानं मऊ झालेल्या.
अठराशे देताना पाय असे जड नव्हते झाले.

त्यांनी नोटा घेतल्या, पदराला गाठ मारली.
पावती हवी का, विचारलं.
हसत होत्या की नव्हत्या,
दारातल्या अंधारात कळलं नाही.

मी हो म्हणालो.