वाव

मोसुलमध्ये, कागदवाल्यांच्या गल्लीत,
ओळी पाडायचं काम माझ्याकडे होतं.
पुठ्ठ्यावर रेशमी दोरे ताणलेले,
वर कोरा कागद ठेवायचा
आणि अंगठ्याने दाबत जायचं, उजवीकडून डावीकडे.
शाई नाही, रंग नाही.
तिरप्या उन्हात धरला तरच दिसणाऱ्या अकरा ओळी.

त्यांवर शेख मुहल्हिल लिहायचे.
बोरू तासताना बोलायचे, लिहिताना कधीच नाही.
दिव्यांची काजळी, डिंक, गाळलेलं पाणी:
नखांत चाळीस वर्षांची शाई,
हमामातही न निघणारी.

सोन्याचं काम लुबाबाचं.
वर्ख मधात घोटून ती शिंपल्यात कालवायची.
दर दहा आयतींनंतर एक फूल,
अकिकाने घासून उजळलेलं.
माशी आली तर आम्ही तिघंही श्वास धरायचो.

अठ्ठाविसाव्या सिपाऱ्याची पडताळणी चालू होती.
हाफीज अंध. तो तोंडपाठ म्हणायचा,
मी कागदावरून बोट फिरवायची.
एका जागी त्याने जे अक्षर म्हटलं
ते माझ्या बोटाखाली नव्हतं.
एकच अक्षर. वाव.
अर्थ एवढाच: आणि.

शेखांनी पान खिडकीशी नेलं,
डोळ्यांपासून लांब धरलं, मग जवळ, मग पुन्हा लांब.
‘नवं लिहू,’ म्हणाले,
पण गुडघ्यावरचा हात थरथरत होता
आणि तो सगळ्यांनी पाहिला, हाफीज सोडून.
त्याने बहुतेक ऐकला.

शब्द एकमेकांना खेटून उभे.
ओळीत वावाला वाव नव्हता.
‘वर लिहा,’ लुबाबा म्हणाली. ‘बारीक.’
मग एक वाटोळं डोकं, एक वळलेली शेपटी,
दोन ओळींच्या मधे,
जिथे मी कधी दोरा ताणला नव्हता.
त्याभोवती तिने सोन्याचा ढग काढला,
लाजवर्दी काठ दिला, केसाएवढ्या कुंचल्याने.
मी म्हटलं, आता तर तेच आधी दिसेल.
‘दिसू दे,’ ती म्हणाली, शिंपला पुसत.

त्या हिवाळ्यात शेख गेले.
उरलेले दोन सिपारे शिष्याने लिहिले.
त्याचं वळण देखणं आहे,
एक कानामात्रा इकडची तिकडे नाही.

मी अजून ओळी पाडते.
दोऱ्यांच्या मधली जागा
हल्ली जराशी जास्त ठेवते.
कुणाच्या लक्षात आलेलं नाही.