अर्धी गोळी

सकाळी ब्लेडनं मी गोळीचे दोन तुकडे करते,
एक आत्ताचा, एक रात्रीचा.
कधी एक जरासा मोठा होतो.
तो तुझ्या हातावर ठेवते, डॉक्टरांना सांगत नाही.

हृदय तीस टक्केच ढकलतंय, म्हणाले ओरोसचे डॉक्टर.
तू म्हणालास, बाकीचं सत्तर काय रजेवर?
हसलास, आणि हसतानाच धाप लागली.

दिगूभावजी आचऱ्याच्या लिलावात
बांगड्यांची पाटी उचलून भाव सांगत होते.
आकडा अर्ध्यावर राहिला.
आधी पाटी पडली की माणूस, बंदरावर अजून वाद आहे.
सदऱ्याच्या खिशात चिठ्ठी सापडली, घडीसुद्धा न मोडलेली.
तीवर याच गोळीचं नाव.

म्हणून हे ब्लेड.

पाण्याच्या गोळीनं सूज उतरली, चपलेचा पट्टा पुन्हा बसला.
खारा बांगडा बंद. बरणी मी वैनीकडे देऊन टाकली,
तरी वास फडताळ सोडत नाही,
आणि तू फडताळापाशी उगाच उभा राहतोस.

ही गोळी करते तरी काय, विचारतोस.
काही करत नाही रे. होऊ देत नाही.
काल रात्री जे झालं नाही
त्याची पावती कुठून आणू?

रात्री कधीतरी भरती खाडीत चढते, मला जाग येते.
तुझ्या पाठीवर तळवा टेकते.
एक, दोन, एक चुकला, तीन.
पुढे मोजत नाही.

साडेसहाला ब्लेड, पेला, पाणी.
तू म्हणतोस, चहात साखर कमी पडली.
कमी नाही. तेवढीच आहे.