शनिवारचं पातं

चाळीस दिवस आमच्या घरात कुणी दाढी केली नाही.
कुताईसीत तशी रीतच आहे. माणूस गेला
की पुरुषांच्या गालांनी दुखवटा धरायचा.
थोरल्यांचं सोपं होतं, त्यांना नुसतं थांबायचं होतं.
मी सतरा वर्षांचा.
जुंबेरकाकाला माती दिली तेव्हा हनुवटीवर मोजून चार केस,
आणि चाळिसाव्याला मधातले गहू वाटेपर्यंत
पहिली दाढी आणि दुखवट्याची दाढी
एकच होऊन बसलेली.

एक्केचाळिसाव्या सकाळी त्सिआलाकाकूनं हाक मारली.
काकाची खाट होती तिथे आता खुर्ची.
शेगडीवर पातेलं, खिडकीला टेकलेलं रिओनीचं धुकं,
द्राक्षाच्या रसात बुडवलेल्या अक्रोडांच्या माळा
अजून कच्च्या, ठिबकणाऱ्या.
"बस," म्हणाली.
"अकरा वर्षं एकाच तोंडाची दाढी केलीय मी.
दुसरं काही मला येत नाही."

मूठ फिरवली, रेझरचे तीन तुकडे झाले.
मेणकागदातून पातं निघालं,
इतकं हलकं की श्वासानं हललं.
"टोकांना धर. कडेला नाही.
धार कुणाची ओळख ठेवत नसते."
मग ब्रश: भिजव, झटक, साबणावर फिरव,
घाई नको,
पाणी जास्त झालं की फेस नुसता फुगतो
मेजवानीत भाषण ठोकणाऱ्यासारखा
आणि गालावर पोचेपर्यंत बसतो.

कोन किती, ते तिला सांगता येईना.
तिला आवाज ठाऊक होता.
"वाळक्या पाल्यावरून मांजर गेल्यासारखं वाजलं
की समज बरोबर."
माझं वाजतच नव्हतं.
"दाबू नकोस रे. रेझरला त्याचं वजन आहे,
तुझं कशाला घालतोस?"
हात सैल सोडला
आणि मांजर निघालं.

पण ती म्हणे उजवा, तेव्हा तो डावा असायचा.
आयुष्यभर तिनं समोरून दाढी केलेली,
आरशातला माणूस तिला नवीन.
दोनदा चुकली, तिसऱ्यांदा स्वतःवरच चिडली,
मग माझ्यासमोर येऊन उभी राहिली, डोळे मिटून,
आणि रिकामा हात हवेत
कानशिलापासून खाली आणला,
जबड्याशी वळवला, क्षणभर थांबवला,
नसलेल्या वाटीत खळबळवला.
मी त्या हाताकडे बघत माझा हात नेला.
ओठावर आलो तर
तिनं आपलाच वरचा ओठ दातांवर ओढून धरला,
तसाच, मी संपवेपर्यंत.
काकाला बोलता येत नव्हतं.
त्याला हे असंच दाखवलं असणार,
रोज, अकरा वर्षं.

हनुवटीवर मी कापून घेतलंच.
रक्त आधी आलं, कळलं नंतर.
ती घाबरली नाही. तुरटीचा खडा ओला केला, टेकवला,
आणि मी जी शिवी दिली तिच्यावर
चाळीस दिवसांत पहिल्यांदा हसली.

वापरलेलं पातं टाकायला चहाचा जुना डबा,
झाकणाला सुरीनं पाडलेली चीर.
दर शनिवारी एक.
मी पातं सरकवलं. खण्ण वाजेल म्हणून थांबलो.
वाजलं नाही. ते अर्ध्यावरच अडकून राहिलं.
तिनं डबा हलवला, दोन्ही हातांनी, जड होता तो.
"भरला की," म्हणाली. "दुसरा बघायला हवा."

मग बोटांच्या पाठीनं
माझा गाल खालून वर तपासला,
कापड घेताना तपासतात तसा.
डाव्या जबड्याखाली बोटं थांबली.
तिथे केसांचा भोवरा आहे, मला माहीत नव्हतं.
ती बराच वेळ तिथेच.
पातेल्यातलं पाणी आटत आलेलं.
"इथलं राहिलंय," म्हणाली,
"इथलं राहतंच.
असू दे. शनिवारी घेऊ."